निरोपाची रीत



घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चऱ्होलीहून चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला निघालेला मुलगाही उंबऱ्यावर हेच म्हणतो. सिंहली बौद्ध घरांत निरोप घेणारा ‘जाऊन येतो’ याच अर्थाचे शब्द उच्चारतो. तमिळ माणसाचीही तीच रीत. ती सोडण्याचे काहीच कारण नाही.

परंतु निरोपाच्या सर्वच रीती अशा निष्पाप नसतात. गावाने परस्परांत ‘रामराम’ करावा आणि आपल्या पूर्वजांनी मात्र वाकून, अंतर राखून ‘जोहार’ घालावा, असा गावगाड्याचा दंडक होता. दोष शब्दाचा नव्हे. झारखंडमधील आदिवासी आजही अभिमानाने ‘जोहार’ म्हणतात. दोष सक्तीचा आणि एकतर्फीपणाचा. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेल्या ‘जयभीम’चे मोठेपण हेच, की म्हणणारा आणि उत्तर देणारा दोघेही ताठ उभे असतात.

मग दीक्षा घेतलेल्या घरांत पाहुण्या निघाल्या म्हणजे काय घडते? सवाष्णीला हळदकुंकू लावून तिची ओटी भरली जाते, आणि शेजारीच उभ्या असलेल्या तिच्या विधवा बहिणीला तशीच वाटेला लावली जाते. हा जोहार नव्हे तर दुसरे काय? संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरविले. मी वकील आहे. परंतु उंबऱ्याच्या आतील या भेदावर कोणते कलम लावावे, हे मलाही सांगता येणार नाही.

या भेदाचा उगम पतीच्या अखेरच्या निरोपात आहे. प्रेत उचलण्यापूर्वी पत्नीच्या बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथांच्या बंदीचा ठराव केला, आणि शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाला जे करता आले, ते बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबाला अवघड वाटावे, हे मला पटत नाही.

म्हणून चऱ्होलीतील माताभगिनींना माझी विनंती आहे. येत्या लग्नसराईत ओटी भरावयाचीच असेल, तर जाणाऱ्या प्रत्येकीची भरा. नसेल, तर कोणाचीच भरू नका. हात जोडून ‘जयभीम’ म्हणा आणि सर्वांना बसच्या थांब्यापर्यंत सोडून या.