गोठा पाडला, बैल शोभेला!

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभे केलेले वाफेचे इंजिन पाहिले की लोक म्हणतात, ‘वा! वारसा जपला!’ मला मात्र हा गोठा पाडून बैल शोभेला बांधण्याचा प्रकार वाटतो.

अहो, इंजिन का आपणहून धावे? राख पाडायला खड्डा, कोळशाचा धक्का, पाण्याची उंच टाकी, ओल्या रुळांवर चाक घसरू नये म्हणून कोरड्या वाळूची कोठी आणि तासन्‌तास आधी भट्टी पेटवणारी माणसे, एवढे असेल तेव्हा गाडी हले. अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट रेल्वे १९०६ पासून वारकऱ्यांना पंढरपुरास नेऊ लागली, ती कुर्डुवाडीच्या कारखान्यातल्या काळवंडल्या हातांच्या जोरावर!

‘पडक्या भिंती राखून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्यांनी हरियाणात रेवाडीला जावे. तिथले १८९३ सालचे इंजिनांचे शेड जपले गेले, म्हणूनच जुन्या इंजिनांना तिथे अजून घर आहे.

वर्गात मी मुलांकडून राजांच्या सनावळ्या घोकून घेतो. कोळसा ओढणाऱ्याची खूण त्यांना कुठे दाखवू? वाडा पडला म्हणून हळहळणाऱ्यांनो, यार्डातली एखादी भिंत अजून उभी असेल, तर तिच्यावर कुदळ घालू नका!