लेट मार्क आणि लोकलचा दरवाजा

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले आणि त्यांपैकी चौघे त्याच दिवशी प्राणास मुकले. नित्याप्रमाणे हळहळ व्यक्त झाली, चौकशी जाहीर झाली. नित्याप्रमाणे एक प्रश्नही विचारला गेला: ही माणसे दारात उभी राहतातच कशाला? पुढची गाडी येणारच असते. मग एवढी घाई का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा लोकलने जात नाहीत, किंवा गेले तरी दुपारी जातात. सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला कारकून दोन गाड्या सोडून देतो, तेव्हा तिसरी रिकामी येईल अशी त्याची समजूत नसते. तिसऱ्या गाडीनेही कार्यालय वेळेवर गाठता येईल एवढाच त्याचा हिशेब असतो. तीही सोडली तर हजेरीवर लाल शेरा पडतो. अनेक कार्यालयांत असे तीन शेरे झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. रोजंदारीवरच्या माणसाची तर त्या दिवसाची मजुरीच कापली जाते. दारातला दांडा धरून तो उभा राहतो तो धाडसाच्या हौसेने नव्हे, तर त्या शेऱ्याच्या भीतीने.

आत जागा असती तर तो आत गेला असता. गर्दीच्या वेळी उपनगरी गाडीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, हे रेल्वेलाही मान्य आहे. चौरस मीटर म्हणजे घरातल्या एकट्याच्या पलंगाचा जेमतेम अर्धा भाग. तेवढ्या जागेत चौदा माणसे, त्यांच्या पिशव्या, डबे आणि छत्र्या! तिघांच्या बाकावर मिळालेली चौथी सीट ज्या शहरात सुदैवाची खूण मानली जाते, तेथे सुखसोयींची भाषा न केलेलीच बरी.

या बाबतीत कायदाही दुटप्पी भासतो. १९८९ चा रेल्वे कायदा पायरीवरून प्रवास करणे हा गुन्हा मानतो. हाच कायदा गाडीतून पडून मृत्यू आल्यास, रेल्वेची चूक असो वा नसो, वारसांना भरपाई देतो. गाडीत चढता-उतरताना पडलेल्या माणसाने केवळ निष्काळजीपणा केला म्हणून ही भरपाई नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे दारातला प्रवासी जिवंत असेपर्यंत अपराधी आणि मेल्यावर भरपाईस पात्र! या दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे सुखरूप उतरून कामावर जाणे, ही मात्र कोणाचीच जबाबदारी नाही.

ही गर्दी आकाशातून पडलेली नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, १९२५ साली विजेची गाडी आली आणि शहर रुळांच्या काठाने उत्तरेकडे वाढत गेले. घरे उत्तरेला सरकली, कामाच्या जागा मात्र फारशा सरकल्या नाहीत. दक्षिण मुंबईचा भार हलका व्हावा या हेतूने १९७० साली सिडकोची स्थापना झाली; पण त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मंत्रालय होते तेथेच राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. कामगारांची मुले विरार-बदलापूरकडे गेली आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत नोकरीसाठी लोकलने परत येऊ लागली. ज्या जमिनीवर बाप पायी कामाला जात होता, तेथे मुलगा दीड तास उभ्याने येतो.

मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसविण्याचे जाहीर केले. हे आवश्यकच आहे. परंतु दार बंद झाले म्हणजे बाहेर लोंबकळणारा माणूस नाहीसा होत नाही. तो फलाटावर उरतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनी वातानुकूलित गाड्यांविरुद्ध आंदोलन केले, ते थंड हवेच्या द्वेषाने नव्हे. साध्या गाडीच्या वेळेवर महाग गाडी आली की मागच्या साध्या गाडीवर दुप्पट भार पडतो, हा त्यांचा अनुभव होता. नवे मार्ग आणि अधिक डबे हाच कायमचा उपाय; पण ठाणे ते दिवा या अवघ्या दोन जादा मार्गिका पुऱ्या व्हायला २०२२ साल उजाडले, हे ध्यानात घेता त्यावरच विसंबून राहता येत नाही.

तोवर एक उपाय असा आहे की ज्याला रूळ लागत नाहीत, जमीन लागत नाही. तो म्हणजे कार्यालयांच्या वेळा बदलणे. २०२३ साली मध्य रेल्वेने मुंबईतील आस्थापनांना तशी विनंती केली होती. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. महामारीच्या काळात, १ फेब्रुवारी २०२१ पासून, सर्वसामान्यांना पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच लोकलने जाण्याची मुभा होती. सरकारने तेव्हा प्रवाशाची वेळ बदलली, कार्यालयाची नव्हे; आता क्रम उलटा करावा.

अर्थात, शाळा, न्यायालये आणि रुग्णालये यांना ही मोकळीक सहजी देता येणार नाही. उशिरा सुटणाऱ्या पाळीतल्या स्त्रियांच्या परतीची चिंताही खरी आहे. पण म्हणूनच ज्यांना शक्य आहे त्यांनी बाजूला सरकले पाहिजे. लिपिक तासभर उशिरा निघाला तर पहिल्या तासाची शिक्षिका आत उभी राहू शकेल. आरंभ राज्य शासनाने स्वतःपासून करावा. कर्मचाऱ्याच्या कामाचे तास पुरे भरतात की नाही हे अवश्य मोजावे. तो कोणत्या मिनिटाला दारातून आत आला, हे मोजणे सोडावे.

अपघातानंतर मुंबईकराच्या जिद्दीचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. जेथे दुसरा मार्गच नाही तेथे सहनशीलतेला जिद्द म्हणणे ही स्तुती नव्हे, ती पळवाट होय. या माणसाला गौरव नको आहे. त्याला गाडीच्या आत दोन पाय ठेवण्यापुरती जागा आणि साहेबाकडून तासाभराची सवलत हवी आहे. यांतली पहिली गोष्ट मिळायला वर्षे लागतील. दुसरीला एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही.