'खास' जीप घेताना काठ तपासा

आमचा धंदा कापडाचा. मोटारींवर लिहिणे हे आमचे काम नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गेल्या दोन-तीन हंगामांपासून मेहकरच्या बाजारात एक नवाच सौदा कानी पडू लागला आहे आणि त्यात आमच्या घरचाच पैसा अडकता अडकता राहिला, म्हणून हे चार शब्द.

पूर्वी सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की तरुण मुलगा मोटारसायकल मागत असे. आता तो जुनी जीप मागतो. तीही साधी नको, 'स्पेशल एडिशन' हवी. कंपनीने मोजक्याच काढलेल्या, नंतर बंद केलेल्या. अशा गाडीला साध्या गाडीपेक्षा लाख-दोन लाख जास्त मोजायला लोक तयार होतात. आणि जिथे एका नावासाठी दोन लाख जास्त मिळतात, तिथे ते नाव चिकटवणारेही तयार होतात, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

आमचा भाचा आमच्याच दुकानात बसतो. एका मोठ्या शहरातील जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे त्याने 'थार ७००' पाहिली. काळी गाडी, बाजूला पट्टे, पुढच्या आसनांवर थारचे चिन्ह, आणि आनंद महिंद्रा यांच्या सहीचा बिल्ला. विक्रेता म्हणाला, देशात फक्त सातशे आहेत, आज बयाना दिला नाही तर उद्या नागपूरचे गिऱ्हाईक येत आहे. भाच्याने पन्नास हजार द्यायचे ठरवले. हे पन्नास हजार आणि पुढचे सगळे पैसे कुठून येणार होते? ईदच्या हंगामासाठी आम्ही जे भांडवल बाजूला काढले होते, त्यातून. मालेगाव आणि सुरतेचा माल उचलायचा तो हाच पैसा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रिकाम्या फळ्या घेऊन बसलेला कापडवाला कसा दिसतो हे आम्ही एकदा अनुभवले आहे, पुन्हा अनुभवायची हौस नाही. "मामू, गाडी हातची जाईल," असे भाचा म्हणत होता. आम्ही म्हटले, जाऊ दे, पण आधी बघू.

आता ही 'थार ७००' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. महिंद्राची थार २०१० साली आली. जुन्या जीपच्याच वळणाची, कापडी छताची, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची ही गाडी. २०१९ मध्ये कंपनीने ही पहिली पिढी बंद करायचे ठरवले आणि त्या जूनमध्ये शेवटच्या ७०० गाड्या 'थार ७००' या नावाने काढल्या. किंमत शोरूममध्ये ९ लाख ९९ हजार. रंग दोनच, काळा आणि समुद्री निळसर. पाच आऱ्यांची मिश्रधातूची चाके, बॉनेटवर व बाजूला पट्टे, काळी जाळी, आणि तो सहीचा बिल्ला. नव्या पिढीची थार त्यानंतर २ ऑक्टोबर २०२० रोजी आली.

ही यादी पुन्हा वाचा. यातील किती गोष्टी बाजारात सुट्या मिळतात? पट्टे मिळतात. चाके मिळतात. आसनांची खोळ कोणताही कारागीर चार दिवसांत शिवून देतो. काळा रंग कुठेही होतो. बिल्लाही कोणी ना कोणी बनवून देईल. म्हणजे ज्या खुणा पाहून गिऱ्हाईक भाळते, त्या साऱ्या वरून चढवता येण्यासारख्या आहेत. जी चढवता येत नाही ती एकच, गाडी बनल्याची तारीख. नोंदणी पुस्तकावर निर्मितीचा महिना आणि साल छापलेले असते. २०१९ च्या जूनमध्ये जाहीर झालेली गाडी २०१७ साली बनू शकत नाही. भाच्याने मोबाइलवर पुस्तकाचा फोटो मागवला, तेव्हा दोन दिवस टाळाटाळ झाली. तिसऱ्या दिवशी फोटो आला. निर्मिती २०१७.

एवढ्याने आमचे काम झाले होते, तरी आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिली. व्यापाऱ्याचा स्वभाव, दुसरे काय! पट्ट्याच्या कडेला नख लावले तर डिंक ताजा. दाराच्या आतल्या कडेवर काळ्या रंगाखाली लाल रंग दिसत होता. आणि ब्रेकमध्ये एबीएस नव्हते. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत थारला एबीएस आले होते, ७०० ला तर ते होतेच, आणि ते काही स्टिकरसारखे चिकटवता येत नाही. विक्रेत्याला विचारले, तर म्हणाला, "आम्हांलाही अशीच मिळाली." हे वाक्य आम्ही कापड बाजारात तीस वर्षे ऐकत आहोत.

कापडवाला तागा हाती आल्यावर आधी काय पाहतो? वरचा कागदी शिक्का गिऱ्हाईक पाहते. आम्ही तागा उलगडतो आणि काठ पाहतो, कारण चांगल्या सुटिंगच्या काठात गिरणीचे नाव असते आणि ते दुकानात बसून घालता येत नाही. सुती म्हणून आलेल्या मालाचा एक धागा ओढून जाळतो. सुताची राख होते, पॉलिस्टरची गोळी. गाडीचा काठ म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर आणि त्याच्याशी जुळणारे पुस्तक. नंबर सतरा अक्षरांचा असतो. तो चेसिसवर स्वतः वाचावा, पुस्तकाशी ताडून पाहावा, आणि मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात त्या नंबरावर गाडी कोणत्या प्रकारची म्हणून निघाली हे विचारावे. एवढा खटाटोप करायला एक दिवस जातो. दोन लाखांसाठी एक दिवस महाग नाही.

काही मंडळी म्हणतील की, स्पेशल एडिशन हा मुळातच कंपनीचा खेळ आहे, पट्टे लावायचे आणि किंमत वाढवायची. मग खरे-खोटे कशाला पाहता? यात थोडे तथ्य आहे. 'माल मर्यादित' ही पाटी आम्हीही सेलमध्ये लावतो. पण ७०० ची गोष्ट वेगळी, कारण ती एका घराण्याची शेवटची पिढी होती. हे घराणे जुने आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पेढी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच पेढीने विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग मुंबईत आणून जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे कित्येक वर्षे बनली. आमच्या लहानपणी मेहकरहून लोणार, डोणगाव, जानेफळकडे धावणाऱ्या जीपगाड्या त्याच घराण्यातल्या. तहसीलदाराची जीप तीच, निवडणुकीत भोंगा बांधलेली जीप तीच. या आठवणीलाच आज किंमत आली आहे.

आठवणीला किंमत आली की आठवणीचाही बनावट माल येतो. 'दुसऱ्या महायुद्धातली जीप' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल आम्ही जाणकार मिस्त्र्यांकडून ऐकले आणि वाचले, ते इथे देतो. युद्धकाळात विलीसने 'एमबी' आणि फोर्डने 'जीपीडब्ल्यू' या नावाने सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्यांच्या पुढच्या पत्री जाळीला नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी सीजे जीपेला सात. युद्धाच्या जीपेला मागे उघडणारी फळी नसते, जादा चाक मागे लटकते. नागरी जीपेला मागची फळी असते. तेव्हा सात फटींची, मागे फळी असलेली गाडी कोणी बर्मा आघाडीवरची म्हणून दाखवली, तर चहा पिऊन घरी यावे. फोर्डची म्हणून सांगितली तर बोल्टच्या डोक्यांवर व पत्र्याच्या भागांवर इंग्रजी 'एफ' हे अक्षर शोधावे, कारण फोर्डने आपल्या भागांवर ते ठोकले होते. शिवाय चेसिसचा अगदी पुढचा आडवा दांडा पाहावा. विलीसचा गोल नळीचा, फोर्डचा घडीच्या पत्र्याचा. विलीसच्याच सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांना पत्र्याऐवजी लोखंडी पट्ट्यांची जोडलेली जाळी होती, त्या खऱ्या दुर्मिळ. डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्यांवर मात्र विसंबू नये. तशा पाट्या नव्याने बनवून मिळतात.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे 'असल' आणि 'नकल' असे दोन शब्द शिकलो, पण 'नकल' ही शिवी नव्हती. तहसिलातून सातबाराची नक्कल मिळते, ती प्रामाणिक असते, कारण ती नक्कल म्हणूनच दिली जाते. हरियाणातील मंडी डबवालीत कारागीर जुन्या भागांतून उघड्या जीपा बांधतात. त्यांची कारागिरी आम्ही वाईट म्हणणार नाही. बांधलेली जीप बांधलेली म्हणून विकली तर तक्रार कसली? पण एक लक्षात असू द्यावे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, उत्पादकाच्या मूळ रचनेहून वेगळा बदल केलेली गाडी नोंदणीस चालणार नाही. तेव्हा हौस भागली तरी रस्त्यावर पोलिसाने अडवले तर पुस्तक आणि गाडी जुळली पाहिजे.

सरकारी जीपांचेही तसेच. 'जिल्हा परिषदेच्या लिलावातली' असे सांगून गाडी दाखवली जाते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली असून त्या भंगारात काढायच्या आहेत. त्या तारखेआधी रीतसर लिलावात विकली जाऊन खासगी नावावर झाली असेल तर कागद मागावा, नसेल तर लोखंडाचा भाव द्यावा. उलट पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ अवस्थेतली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षांची. मात्र ती रोज फिरवता येत नाही, भाड्याने तर मुळीच नाही. लग्नाच्या वरातीसाठी जीप भाड्याने द्यायचा विचार असलेल्यांनी हे आधी वाचावे.

कंपनीने नव्या खास गाड्यांत एक बरे केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाळवंटी रंगाची 'थार अर्थ एडिशन' आली, तिच्या प्रत्येक गाडीवर एकपासून सुरू होणारी वेगळी क्रमांकाची पाटी आहे. पण पाटीही शेवटी पाटीच. आमचे म्हणणे असे की, खास गाडीची नोंद थेट नोंदणी पुस्तकात व्हावी, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला मिस्त्री आणि मामू शोधत बसावे लागणार नाही. आणि तोवर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी विक्रीच्या पावतीवर 'ही गाडी अमुक आवृत्तीची आहे' असे सहीनिशी लिहून द्यावे. आम्ही शंभर टक्के सुती म्हणून तागा विकला तर बिलावर तसे लिहितो. लिहायला नकार आला की किंमत आपोआप उतरते.

त्या विक्रेत्यालाही आम्ही हेच सांगितले. गाडी चांगली आहे, इंजिन ठीक आहे, २०१७ ची साधी थार म्हणून जो भाव होतो तो आज रोख घ्या. तो तयार झाला नाही. भाचा परतीच्या वाटेवर चिखलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या ईदला फळ्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या. पुढच्या हिवाळ्यात त्याने खामगावच्या एका कास्तकाराकडून लाल रंगाची साधी थार घेतली. पट्टे नाहीत, बिल्ला नाही, पण दुरुस्तीची प्रत्येक पावती फाइलमध्ये लावलेली. आता शुक्रवारी दुकान बंद झाले की तो आम्हांला लोणारपर्यंत फिरवून आणतो, आणि गाडी आमच्या कंबरेला फार बसते.