व्हाया सहार

मुलं सॅन होजेला असलेल्या पुणेकर आईवडिलांना विमानप्रवासाचे आकडे तोंडपाठ असतात. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को किती, असं कोथरूडच्या कुठल्याही कट्ट्यावर विचारा. साडेतेरा हजार किलोमीटर, थेट विमान असेल तर सोळा-सतरा तास, असं उत्तर लगेच मिळतं. आकडा खराच आहे, पण तो पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेला. विमान दोरा धरून जात नाही.

एअर इंडियाने ऑक्टोबर 2016मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाली आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, तो पाठीशी मिळाला. (पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं, हा कट्ट्यावरचा लाडका सिद्धांत साफ चूक. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.) वारा अनुकूल असला तरी शेजारी असेलच असं नाही. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमानं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरू लागली.

पुणेकराची खरी परीक्षा मात्र मुंबईच्या सहार विमानतळाच्या अलीकडेच होते. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उडवणं अवघड. 2008मध्ये लुफ्तान्साने इथून फ्रँकफर्टची सेवा सुरू केली, तीही छोट्या विमानाने आणि फक्त बिझनेस क्लासची. आम्ही ते उडताना खालून पाहिलं. जुलै 2024पासून नवं टर्मिनल वापरात आलं, छान झालंय, पण धावपट्टी जुनीच. म्हणून पहाटे दोनच्या विमानासाठी आपली गाडी दुपारी चारला निघते. दीडशे किलोमीटर आणि दहा तास! बोरघाटात ट्रक आडवा झाला तर, या एका भीतीपोटी एवढी मोकळीक ठेवायची. तिथे मागून वारा सुटून काही उपयोग नाही.

यावर उतारा म्हणून पुरंदरच्या नियोजित विमानतळाचं नाव अनेक वर्षं ऐकतोय. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी धरून सात गावांची जमीन त्यासाठी लागणार आहे आणि तिथले लोक द्यायला राजी नव्हते म्हणून 2025मध्ये रस्त्यावर उतरले. सीताफळ-अंजिराच्या बागा आहेत त्यांच्या. माझे दहा तास वाचावेत असं मला मनापासून वाटतं, पण ते त्यांच्याकडे मागायला कुठल्या तोंडाने जायचं, हे अजून सुचलेलं नाही.