मुलांच्या आहारातील साखर लघवीच्या तपासणीतून मोजण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय मुलांच्या पोटात जाणारी साखर जैविक निर्देशकांच्या आधारे मोजणेबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय,

आम्ही सोलापूर जिल्ह्यातील पालक, शिक्षक व बालरोगतज्ज्ञ आहोत. आमची मुले रोज किती साखर खातात, हे आहार पाहणीतून नीट कळत नाही. ‘काल मुलाने काय खाल्ले?’ असे आईला विचारतात. ती पहाटेच उसाच्या फडात गेलेली असते. तक्त्यात ‘चहा, एक कप’ एवढेच उतरते. साखरेचे चमचे किती, चपाती बुडवून संपल्यावर कप पुन्हा भरला का, शाळेच्या फाटकापाशी गोळ्या किंवा बर्फाचा गोळा घेतला का, हे तिला ठाऊकच नसते.

रक्तातील साखर तपासूनही हे कळत नाही, कारण निरोगी मुलाचे शरीर ती आटोक्यात ठेवते. लघवी मात्र सांगू शकते. खाल्लेल्या सुक्रोजचा अगदी थोडा अंश न पचता रक्तात शिरतो, फ्रुक्टोजचाही थोडा यकृतातून निसटतो आणि दोन्ही लघवीत उतरतात. चोवीस तासांच्या लघवीतील त्यांच्या प्रमाणावरून एकूण साखरेचा अंदाज बांधता येतो, हे 2005 मध्ये मांडले गेले. जर्मनीत डॉर्टमुंडच्या ‘डोनाल्ड’ अभ्यासात मुलांच्या लघवीतील फ्रुक्टोजही तपासले गेले. फळांतली साखर व वरून घातलेली साखर हा फरक या तपासणीत दिसत नाही. म्हणून आहाराची नोंदही चालूच राहावी.

रक्तातील किंवा केसांतील कार्बन-13 मोजण्याची दुसरी पद्धत मात्र आपल्याकडे जशीच्या तशी आणू नये, ही कळकळीची विनंती. उसात व मक्यात हा कार्बन गहू-तांदळापेक्षा जास्त असतो, म्हणून अमेरिकेत ती उपयोगी पडते. पण ज्वारी, बाजरी, नाचणीही त्याबाबत उसाच्याच रांगेत बसतात. कडबा खाणाऱ्या जनावराच्या दुधातही तो उतरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेले मूल कागदोपत्री साखरखाऊ ठरेल आणि दोष भाकरीला लागेल.

म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सहकार्याने लघवीच्या पद्धतीची पडताळणी आधी आपल्या मुलांवर व्हावी. त्यात ज्वारीचा पट्टा, भात खाणारे कोकण आणि मुंबईच्या वस्त्या यांचा समावेश असावा. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आयोडीनसाठी मुलांच्या लघवीचे नमुने घेतले होते, त्यामुळे हे काम यंत्रणेला नवे नाही. अडचण चोवीस तासांची आहे. शाळेच्या स्वच्छतागृहात बाटली घेऊन जायला मुले लाजतात, हे शिक्षक रोज पाहतात. त्यामुळे संकलन सुटीच्या दिवशी घरी व्हावे व सकाळच्या एकाच नमुन्यावर भागते का, तेही तपासावे. जिवाणू लघवीतली साखर खाऊन टाकतात. नमुने थंड ठेवण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हवी.

पालकांची लेखी संमती घ्यावी. कोणत्याही मुलाचा निकाल वर्गात वाचला जाऊ नये.

प्रायोगिक जिल्हे व त्यासाठीची तरतूद येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी जाहीर करावी व आमच्या शिष्टमंडळास भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक, शिक्षक व बालरोगतज्ज्ञ,
सोलापूर जिल्हा

प्रत : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर