‘थोडे तास कमी करा’: बाळंतपणाच्या रजेनंतरची विनंती आणि आपला हक

रजा संपवून बाई कामावर रुजू होते. आठ-पंधरा दिवसांत साहेब बोलावून घेतात. ‘बाळ लहान आहे, ओढाताण कशाला? काही महिने अर्धा दिवस या.’ पगार किती मिळणार, ‘काही महिने’ म्हणजे नेमके किती, यातलं काहीच बोललं जात नाही. घरी सासूबाई म्हणतात, ‘बरंच झालं, अल्लाहने सोय केली.’ कुणी भांडलं नाही, कुणी कामावरून काढलं नाही, तरी नोकरी अर्धी झालेली असते.

आपल्या मुली आता शिकून बँकांत, दवाखान्यांत, शाळांत आणि कंपन्यांत काम करतात. त्यामुळे हा प्रश्न घराघरांत येतो आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की तास कमी करणं ही सवलत आहे की कपात, हे ‘मागणी कोणी केली’ यावरून ठरतं. आईने मागितली तर ती सवलत. साहेबांनी सुचवली आणि पगारही कापला, तर ती कपात, मग ती कितीही गोड शब्दांत सांगितलेली असो.

कायदा याबाबतीत गप्प नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम 12 नुसार, प्रसूती रजेच्या काळात किंवा त्या रजेच्या कारणावरून बाईला कामावरून काढता येत नाही आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आल्या आहेत, रद्द झालेल्या नाहीत. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते आणि तिचा पगार कापता येत नाही. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. म्हणजे ‘बाळाला पाजायला जाता, म्हणून तास कमी करू’ हे कारण टिकत नाही.

‘आम्ही तर कंत्राटी’ असं म्हणून अनेकजणी गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या महिलांनाही हा लाभ दिला. 2023 मध्ये तर कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी पूर्ण लाभ द्यावा लागेल, असं सांगितलं. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. दुकानं आणि आस्थापनांना हा कायदा 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच लागू होतो. चार-पाच जणांच्या दुकानात किंवा क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या भगिनींना लेखी बोलणीच उपयोगी पडतील.

आता हिशेब बघू. समजा पगार 24,000 रुपये आहे. अर्धा दिवस म्हणजे 12,000. एवढंच नुकसान दिसतं, पण ते तिथे थांबत नाही. भविष्य निर्वाह निधीची रक्कम पगारावर कापली जाते, ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जाते. पुढच्या बाळंतपणाचा लाभही आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर मिळतो. 24,000 च्या हिशेबाने सहा महिन्यांचे साधारण 1,44,000 होतात, 12,000 च्या हिशेबाने 72,000. आज ‘काही महिने’ म्हणून दिलेला होकार दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा खिसा रिकामा करतो.

मग करायचं काय? केबिनमध्ये उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणू नका. ‘घरी मशवरा करून सांगते’ म्हणा. त्याच दिवशी ईमेल किंवा अर्ज द्या: ‘आपण आज माझे तास कमी करण्याविषयी बोललात. पगार, पद आणि मुदत याबाबत लेखी कळवावे. तोपर्यंत मी ठरलेल्या वेळेप्रमाणे काम करत आहे.’ भाषा नम्र ठेवा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. पुष्कळदा लेखी मागितलं की विनंती आपोआप मागे पडते. नाहीच पडली तर हे कागद घेऊन श्रम खात्याकडे तक्रार करता येते. मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या शिक्षिकांना 1977 च्या कायद्याखालचं शाळा न्यायाधिकरण आहे. तिथे नोकरीवरून काढणं किंवा पदावनती याविरुद्ध अपील करता येतं, पण 30 दिवसांत.

आईलाच खरोखर कमी तास हवे असतील तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त तीन गोष्टी कागदावर हव्यात: किती तास आणि किती पगार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर त्याच पदावर पूर्ण वेळ परत.

सूरह बकरामध्ये दोन गोष्टींची शिकवण आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत. आणि बाळाचं दूध सोडवायचं ते आई-बापाने एकमेकांच्या राजीखुशीने आणि मशवऱ्याने. त्याच आयतीत आई आणि बाळाच्या खर्चाची जबाबदारी बापावर टाकली आहे. म्हणजे बाळ हा एकट्या आईचा प्रश्न नाही. खासगी नोकरीत बापाला रजेचा कायदा नाही, पण सकाळी बाळाला आजीकडे सोडणं, रात्री एकदा उठणं, यासाठी कायदा लागत नाही. आईचे तास कमी करायचे का, हा विचार जेव्हा घरात होईल, तेव्हा बापाचे घरातले तास वाढवता येतात का, हेही विचारलं पाहिजे.

हक मागणं म्हणजे भांडण नव्हे. ज्या मुलीला शिकवायला आई-बापाने पोटाला चिमटा घेतला, तिची नोकरी कुणाच्या तोंडी ‘सोयी’खातर अर्धी होऊ नये, एवढी काळजी घरातल्या सगळ्यांनी घ्यावी.