खासदारसाहेब, आठवड्याचं मस्टर दाखवा!



आपण सगळे हजेरीवर जगलो. भोंगा झाला की गेटाच्या आत, गेट लागलं की बाहेर. पाच मिनिटं उशीर झाला तर जॉबरच्या विनवण्या. न कळवता आठ-दहा दिवस गावी राहिलं की नाव पटावरून जायचं आणि परत आल्यावर बदलीवाल्यांच्या रांगेत उभं राहायची पाळी यायची. ही झाली आपली हजेरी.

आता दुसरं मस्टर बघा. ज्याला आपण मतं देऊन दिल्लीला पाठवतो, त्या खासदाराची जागा गैरहजेरीने केव्हा जाते? राज्यघटनेचं १०१ वं कलम सांगतं की सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस दांडी मारली तर. मधल्या मोठ्या सुट्ट्या त्यात मोजायच्या नाहीत. आणि एवढं होऊनही सभागृहाने मनावर घेतलं तरच! आमच्या खात्यात असला मुकादम मिळाला असता तर आम्ही त्याला रोज हार घातला असता.

पण आमचा आजचा सवाल खासदार गैरहजर राहतो का, एवढाच नाही. हजर राहून तो आठवडाभर करतो काय, हा आमचा रोकडा सवाल आहे. कुठल्या एका पक्षावर आमचा रोख नाही. पक्ष कोणताही असो, ज्याचा पगार आपल्या खिशातून जातो त्याने पाळीचा हिशेब द्यायलाच पाहिजे.

पगाराचं निघालंच आहे तर तेही ऐका. १९५४ साली खासदारांच्या पगाराचा कायदा झाला तेव्हा महिन्याला ४०० रुपये आणि हजेरीच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला होता. एप्रिल २०२३ पासून पगार झाला १ लाख २४ हजार आणि दिवसाचा भत्ता २,५०० रुपये. वाढो बिचारा, महागाई त्यालाही आहे! पण १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन किती, तर सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली महिना १,००० रुपये. उभा जन्म साच्यावर काढलेल्या माणसाच्या अडीच महिन्यांच्या पेन्शनीएवढा खासदाराचा एका दिवसाचा भत्ता! त्या एका दिवसात आपल्यासाठी काय विणलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही?

दिल्लीतला आठवडा कसा असतो ते आधी समजून घेऊ. अधिवेशन असलं की लोकसभा सोमवार ते शुक्रवार बसते. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तरांचा तास. तारांकित प्रश्न दिवसाला वीस. त्यांची उत्तरं मंत्र्याने उभं राहून तोंडी द्यायची, आणि त्यावर खासदाराने उलट विचारायचं. बाकीचे दोन-सव्वादोनशे प्रश्न लेखी उत्तराचे. प्रश्न पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, चिठ्ठीत नंबर लागावा लागतो. म्हणजे सोमवारी विमानातून उतरून मंगळवारी प्रश्न विचारता येत नाही. त्यासाठी आधी घरी बसून कागद वाचावे लागतात. बाराला शून्य तास. तातडीचं गाऱ्हाणं दोन-तीन मिनिटांत मांडायचं ते तेव्हा. शिवाय स्थायी समित्या असतात. तिथे कॅमेरा नसतो, टाळ्या नसतात, पण मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवून फाइल उलगडायला लावता येते. खरं काम तिथे चालतं, म्हणून तिथे गर्दी कमी!

आणि मग येतो शुक्रवार. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास सरकारचे नसतात. मंत्री नसलेल्या कुणाही खासदाराने आपलं स्वतःचं विधेयक किंवा ठराव मांडायचा, तो या वेळात. पाच दिवस पक्षाच्या भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला हे अडीच तास स्वतःच्या डोक्याने बोलायला मिळतात. आणि नेमक्या त्याच वेळी बाकं ओस पडतात! साहेब कुठे गेले? साहेब विमानतळावर. का? शनिवारी आपल्या भागात व्यायामशाळेचं उद्घाटन आहे, दोन लग्नं आहेत, एक सत्यनारायण आहे.

कुणी म्हणेल, त्या शुक्रवारात काय राम आहे? स्वातंत्र्यापासून अशी विधेयकं कायदा झाली ती अवघी चौदा, आणि १९७० नंतर एकही नाही. आकडा खरा आहे. पण नुसत्या आकड्याने फसू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांचं गाव ज्या राजापूर मतदारसंघात होतं, तिथून १९५७ साली बॅरिस्टर नाथ पै निवडून गेले. गोलकनाथ खटल्याचा निकाल लागल्यावर १९६७ साली त्यांनी घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी असंच खासगी विधेयक आणलं. ते पास झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. आणि त्याच वर्षी सरकारने स्वतःच चोविसावी घटनादुरुस्ती करून तीच गोष्ट कायद्यात आणली. विरोधी बाकावरचा एक कोकणी माणूस शुक्रवारी बोलला, आणि चार वर्षांनी सरकारला त्याच वाटेने जावं लागलं. त्या बाबतीत मतं वेगवेगळी असतील, पण बोलणं फुकट गेलं असं कोण म्हणेल?

प्रश्नाची ताकद बघायची तर फिरोज गांधींकडे बघा. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधानांचे जावई. तरी डिसेंबर १९५७ मध्ये ते उभे राहिले आणि विचारलं की आयुर्विमा महामंडळाने, म्हणजे तुमच्या-आमच्या हप्त्यांच्या पैशाने, मुंध्राच्या कंपन्यांचे शेअर काय म्हणून घेतले? सव्वा कोटीच्या आसपासचा मामला. न्यायमूर्ती छागलांची चौकशी इथे मुंबईत उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. एका माणसाच्या अभ्यासाने! ना मोर्चा, ना दगड. आम्ही मोर्चाला कमी लेखत नाही, तसं लेखणारे आम्ही कोण? पण मोर्चा गेटपर्यंत जातो, आतलं काम आतल्यानेच करायचं असतं.

आपण आतली माणसं पाठवलीही आहेत. गिरणी कामगारांच्या चळवळीतून वर आलेले कॉम्रेड डांगे १९५७ साली मुंबई शहर मध्यमधून लोकसभेत गेले. १९८२ चा संप मोडला असं मालक म्हणत होते, तेव्हा १९८४ साली आपण डॉ. दत्ता सामंतांना दक्षिण मध्य मुंबईतून पाठवलं. म्हणजे मत कशाला म्हणतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. निवडून दिल्यानंतरची पाच वर्षं मात्र आपण डोळा लावून बसत नाही. तिथे आपलं चुकतं, आणि ते कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

कारण आपण खासदाराकडे मागतो काय? नळ आला नाही, गटार तुंबलं, संडासाचं दार मोडलं. अहो, ते काम नगरसेवकाचं! म्हाडाच्या घरांचा प्रश्न विधानसभेत लावून धरायचा, तो आमदाराने. खासदाराच्या गळ्यात बांधायची कामं वेगळी आहेत. पेन्शन केंद्राची. प्रॉव्हिडंट फंड केंद्राचा. एनटीसी केंद्राची. मुंबईतल्या तेरा गिरण्या १९८३ साली केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९९५ च्या कायद्याने त्या पुरत्या केंद्राच्या झाल्या. त्यांच्या जमिनी आणि चाळीही त्यातच आल्या. इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळायची, तर निर्णय २०१२ साली दिल्लीतच व्हावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या उरल्यासुरल्या गिरण्यांचे साचे थांबले, त्याचा जाब विचारायचा तोही वस्त्रोद्योग मंत्र्यालाच. आणि आपण खासदाराला सांगतो, साहेब, चाळीला एक बाक द्या!

बाकावर नाव कुणाचं, तर ‘खासदार निधीतून’. हा निधी वर्षाला पाच कोटींचा. खासदार फक्त काम सुचवतो; मंजुरी आणि पैसा जिल्हा प्रशासनाच्या हातून जातो. पैसा जनतेचा, शाई जनतेची, नाव तेवढं साहेबांचं.

शनिवार-रविवारची कचेरी नको, असं मात्र आम्ही म्हणत नाही. जो खासदार चाळीचा जिना चढत नाही तो दिल्लीत जाऊन कशाबद्दल बोलणार? आमच्या चाळीतली एक काकी, नवरा साळखात्यात होता, विधवेच्या पेन्शनसाठी तीन शनिवार एका लोकप्रतिनिधीच्या कचेरीत जाऊन बसली. जन्मतारखेत एका आकड्याची चूक, एवढंच प्रकरण. तिसऱ्या शनिवारी पत्र मिळालं. सही झोकदार, शिक्का ठळक. घरी आणून नातवाने वाचलं तर पत्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लिहिलेलं, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ म्हणून! हसू येतं, पण काकीचे तीन महिने गेले. तोच कागद कुणी नीट वाचला असता तर त्यातून एक प्रश्न निघाला असता: नोंदीतल्या अशा चुकांपायी मुंबईत किती विधवांची पेन्शन अडली आहे? मंत्र्याला आकडा द्यावा लागला असता. शनिवारची कचेरी आणि सोमवारचा प्रश्न यांचा धागा असा जुळायला पाहिजे. धागा तुटला की जोडायचा कसा हे आपल्या बायाबापड्यांना ठाऊक होतं, खासदाराच्या सेक्रेटरीला शिकवायला त्या तयार आहेत.

तेव्हा आमचं मागणं असं. कचेरीत वही ठेवा, आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्या, आणि कुठे पाठवला ते समोर लिहा. अधिवेशन संपलं की लालबाग-परळच्या मैदानात एक संध्याकाळ उभे राहा, हार-तुरे नकोत, लाउडस्पीकर आमचा. प्रश्न किती विचारले, समितीला किती वेळा बसलात, शुक्रवारी दुपारी कुठे होतात, एवढं सांगा. खोटं सांगू नका, कारण विचारलेले प्रश्न आणि हजेरी लोकसभा स्वतः छापते आणि आमची पोरं मोबाइलवर ती दोन मिनिटांत काढतात.

आणि बंधूंनो, तोवर आपणही थांबायचं नाही. पुढच्या लग्नपत्रिकेवर त्यांचं नाव घालायच्या आधी बघा, त्या दिवशी लोकसभा चालू आहे का. चालू असेल तर आमंत्रण देऊ नका. आहेराचं पाकीट आम्ही त्यांच्याकडून दिल्लीतच घेऊ. शनिवारी कचेरीत जाल तेव्हा पेन्शनबुक आणि एनटीसी चाळीच्या भाड्याची पावती बरोबर न्या. दोन्ही कागद टेबलावर ठेवा आणि विचारा, साहेब, यावरचा प्रश्न कुठल्या तारखेला लागणार?